जांभळा कोट आणि शेवटचा अंक

मी आयुष्यात एकच गुन्हा केला आहे, पण तो बावीस हिवाळे दर गुरुवारी रात्री दहा वाजता केला आहे. गुरुवारी रेडिओवर ऑपेरा असतो. माझी बायको देल्फीना ऑपेराची वेडी. इस्त्री करताना ती सगळ्या नायिकांची पदं म्हणते आणि नायकांवरचा राग माझ्या सदऱ्यांच्या बाह्यांवर काढते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शेवटच्या अंकात कुणीतरी नायिका मेली आणि देल्फीना रात्री दोनपर्यंत रडत बसली. मला सकाळी साडेसातला नगरपालिकेतली जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी उघडायची होती. उघडली, आणि झोपेच्या तारेत एका नुकत्याच जन्मलेल्या मुलीची नोंद मृतांच्या वहीत केली. तिला परत जिवंत करायला मला वरच्या कचेरीकडे अकरा अर्ज करावे लागले. सरकारी नियमांत मरण फार सोपं आहे, परत यायचं म्हटलं की दाखले लागतात.

पुढच्या गुरुवारी दहा वाजता, शेवटचा अंक सुरू व्हायच्या बेतात असताना, मी दार नीट लागलंय का बघायच्या निमित्ताने जिन्यात गेलो आणि आमच्या घरचा फ्यूज काढून खिशात टाकला. घर अंधारात. सिमेंटच्या कारखान्यात रात्रपाळी सुरू झाली की आमच्या मोंतेगोब्बो गावाची वीज जाते, असं मी देल्फीनाला सांगितलं. ती "असं होय" म्हणाली, मेणबत्ती लावली आणि आवराआवर करायला लागली. इतक्या सहज विश्वास ठेवणाऱ्या बाईला फसवताना जिवावर येतं. पण त्या रात्री झोप उत्तम लागली, हेही लपवत नाही. एका गुरुवारपुरतंच करायचं होतं. मग दुसरा गुरुवार आला. बावीस वर्षांत माझ्या बायकोच्या घरात एकही नायिका मेली नाही, सगळ्या तिसऱ्या अंकातच ताटकळत राहिल्या, आणि याला जबाबदार मी, ओरेस्ते बाल्दूची, नगरपालिकेचा वरिष्ठ कारकून.

हे असंच चाललं असतं, पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या क्लोतील्देबाईंना त्यांच्या मुलाने तोरिनोहून केवढातरी मोठा रेडिओ पाठवायचं ठरवलं. बाईंनी ही बातमी जिन्यात मला आनंदाने सांगितली. म्हणाल्या, येत्या गुरुवारपासून तुम्हालाही ऐकू येईल, आपल्या इमारतीत मजल्यामजल्यात आहे काय, नुसता पापुद्रा. त्यांचा फ्यूज वेगळा. खाली आमच्या घरात अंधार आणि वर नायिका निवांत गाऊन मरतेय, असं दृश्य मला दिसलं आणि मी कठड्याला धरलं.

विचार करून मी एक योजना आखली. गुरुवारच्या आत देल्फीनाला खऱ्याखुऱ्या ऑपेरागृहात न्यायचं. दोनशे वर्षं जुनं, सोनेरी सज्जांचं, जिथे तिच्या सगळ्या नायिका पहिल्यांदा मेल्या, तिथे. एक अख्खा शेवटचा अंक तिला कानभर ऐकू द्यायचा आणि ती तृप्त असताना सगळं कबूल करून टाकायचं. पोट भरलेला माणूस लवकर माफ करतो, कान भरलेलाही करत असेल. त्या शहराचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे आणि तिथली माणसं काही विसरत नाहीत.

मी देल्फीनाला विचारलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तू येणार? ऑपेराला?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? मीच नेतोय."

त्या दिवशीच्या शेवया फार बारीक आणि सुरेख झाल्या होत्या.

मोंतेगोब्बोत एखादी गोष्ट एकाला सांगितली की ती सगळ्यांची होते. आमचा न्हावी नेल्लो म्हणाला, खाली मऊ खुर्चीत बसतात त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, खरे कान सगळ्यात वरच्या गॅलरीत. तिथली तिकिटं आगाऊ मिळत नाहीत, त्याच दिवशी रांगेत उभं राहावं लागतं. आणि तिथे मागच्या माणसाला दिसलं नाही तर तो डोक्यात टपली मारतो, तेव्हा केस बारीक करून गेलेलं बरं. असं म्हणून त्याने ते बारीक केलेच. पाद्रीबाबांनी आधी चर्चची मिस्सा, मग ऑपेरा, असा क्रम घालून दिला. औषधाच्या दुकानदाराने उकडलेली अंडी न्यायला सांगितलं, कारण अंडं खाल्लेल्या माणसाला टाळ्या वाजवायला ताकद राहते. आणि क्लोतील्देबाई आपला ठेवणीतला कोट घेऊन खाली आल्या.

त्या कोटाबद्दल आधीच स्पष्ट करतो. आमच्या जिन्यात पंचवीस वॅटचा दिवा आहे. त्या उजेडात तो कोट मला तपकिरी दिसला. देल्फीनाला काळपट लाल वाटला. क्लोतील्देबाई स्वतः त्याला वांगी रंग म्हणतात. मोंतेगोब्बोला नाटकघर नाही, कधी नव्हतं, त्यामुळे कुणाच्याही मनात काही आलं नाही. एरवी आमच्या देशात नाटकघराच्या आसपास कुठला रंग न्यायचा नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. डब्यात दोघंच असताना कबुली उरकून टाकावी असं मनात होतं. मी घसा साफ केला तोच पुढच्या स्टेशनवर कॉन्व्हेंटातली एक जोगीण चढली आणि माझ्या समोर बसून माझ्याकडेच बघत जपमाळ ओढू लागली. फ्यूजबद्दल बोलण्यासारखं वातावरणच राहिलं नाही.

शहरात उतरलो तर धुकं. आमच्या डोंगरात धुकं खाली दरीत असतं, माणूस वर असतो. या सपाटीवर माणूस धुक्याच्या आत असतो. ऑपेरागृहाची इमारत दिसण्याआधी मी तिला धडकलो. गॅलरीचं दार मागच्या बोळात होतं आणि तिथे चाळीसेक माणसं अंधुक अंधुक उभी होती. मी शिस्तीत शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभा राहिलो, तर धुक्यातून एका बाईचा आवाज आला, "नाव?"

हा आवाज इरीदेबाईंचा. खाटकाची विधवा, वय सत्तरच्या पुढे, हातात दोरीने बांधलेली वही, कानावर पेन्सिल. त्या ऑपेरागृहाच्या नोकर नव्हेत, त्यांना कुणी नेमलेलंही नाही, पण एकतीस वर्षं गॅलरीची यादी त्यांच्या वहीत लिहिली जाते आणि तिकीटखिडकीवरचा माणूस त्या वहीबाहेर एक तिकीट फाडत नाही. नियम असा की सकाळी आठला नाव द्यायचं, मग दहा वाजता, बारा वाजता आणि दोन वाजता हजेरी. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. एका हजेरीला नसलात तर नावावर काट. अडीचला खिडकी उघडते, साडेतीनला खेळ. मला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकी चोख पद्धत आमच्या नगरपालिकेतही नाही. मी इरीदेबाईंना तसं सांगितलं आणि मीही सरकारी नोंदवहीवाला आहे हे जरा पुढे सरसावून कळवलं.

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको," त्या म्हणाल्या आणि मला बेचाळीस आणि देल्फीनाला त्रेचाळीस नंबर दिला.

दहाची हजेरी झाली. धुक्यात आवाज नुसते इकडून तिकडून येत होते, चेहरे कुणालाच दिसत नव्हते. कबुलीसाठी हे मला सोयीचं वाटलं. माणसाला बायकोचा चेहरा दिसत नसला की धीर येतो. मी म्हटलं, देल्फीना, ते रेडिओचं. ती म्हणाली, हं. आणि तेवढ्यात इरीदेबाई मध्ये तोंड घालून विचारू लागल्या की आजच्या खेळातल्या नायिकेचं विष पिण्याचं पद पूर्वी कुणाकुणाकडून ऐकलंय. देल्फीनाने रेडिओवर ऐकलेल्या सहा बायांची नावं सांगितली आणि कुणी कुठे श्वास चोरला तेही. भोवतीची धुक्यातली माणसं जवळ सरकली. पाच मिनिटांत माझी बायको रांगेतली मानाची व्यक्ती झाली आणि मी अंड्यांची पिशवी धरून बाजूला उभा होतो.

बाराची हजेरी चालू असताना धुकं उठलं. एकदम उठलं. बोळात लख्ख ऊन पडलं आणि नेमकं देल्फीनाच्या पाठीवर पडलं. "त्रेचाळीस, बाल्दूची देल्फीना," असं वाचून इरीदेबाईंनी मान वर केली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

तो कोट वांगी नव्हता. काळपट लाल नव्हता. जिन्यातल्या दिव्याने पंधरा वर्षं क्लोतील्देबाईंची फसवणूक केली होती. तो जांभळा होता, असा जांभळा की डोळ्यांना टोचत होता. रांगेतल्या माणसांनी आधी, अपशकुन लागू नये म्हणून, लोखंडाला हात लावायला दाराच्या कडीकडे धाव घेतली. कडी एक आणि माणसं चाळीस. ज्यांना लोखंड मिळालं नाही त्यांनी खिशात हात घातले. खिशात ते काय चाचपत होते हे मी सभ्य माणूस असल्यामुळे लिहीत नाही.

इरीदेबाईंनी विचारलं, "बाई, या कोटाचा रंग कुठला?"

मी घाईघाईने म्हटलं, "वांगी."

"आणि वांग्याचा रंग कुठला?"

पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासात, पाद्री जांभळं वस्त्र चढवायचे तेव्हा, नाटकघरांना टाळं लागायचं आणि गवई उपाशी मरायचे. ते टाळं निघून शंभर वर्षं झाली, पण रंग त्यांच्या मनातून गेलेला नाही. एकाने सांगितलं की सत्तावीस साली एका बाईने जांभळे हातमोजे घातले होते आणि दुसऱ्या अंकात झुंबराचा लोलक सुटून बासरीवाल्याच्या डोक्यात पडला. दुसरा म्हणाला, बासरीवाल्याच्या नव्हे, ढोलवाल्याच्या. यावरून दोघांची जुंपली. मी म्हटलं, कोट उलटा करून घालू. उलटा करून पाहिला तर अस्तर जास्तच जांभळं.

शेवटी निकाल लागला की कोट ऑपेरागृहाच्या आवारात राहता कामा नये. देल्फीनाला इरीदेबाईंनी स्वतःची लोकरीची शाल पांघरली. शालीला सॉसेजचा वास येत होता, पण ऊब होती. मी कोटाची गुंडाळी काखेत मारली आणि म्हटलं, दोनच्या आत येतो. दोन तास म्हणजे काय कमी झाले?

तुम्हाला कधी एखाद्या शहरात जांभळा कोट ठेवायला जागा शोधावी लागली आहे का? मला आता त्या विषयात अधिकार आहे. ऑपेरागृहाच्या कपडे ठेवायच्या खिडकीवरच्या बाईने कोट बघून खिडकी लावून घेतली. समोरच्या बारच्या मालकाने कॉफी फुकट देऊ केली, पण कोट आत आणायचा नाही या अटीवर. तंबाखूवाला गवयांना सिगारेट विकतो. चांभार नर्तकींचे बूट शिवतो. हॉटेलात नायिका उतरलेली. ज्या दुकानात जावं त्याचं पोट ऑपेरावर चाललेलं. एका वाद्यवाल्याने तर मी दारात असतानाच सगळी व्हायोलिनं पेटीत घालून झाकणं लावली. रस्त्यात कुठे टाकून द्यावा, तर कोट क्लोतील्देबाईंचा आणि त्यांच्या खाली मला अजून वीसेक वर्षं राहायचं. मी कोट घेऊन चालत सुटलो. ऑपेरागृहापासून लांब जाईन तसे लोक कमी दचकू लागले. पण एवढ्या लांब आलो की रस्ताच चुकलो.

नदीवरचा पूल ओलांडल्यावर एक लहानसं चर्च लागलं. तिथला सेवक पायरीवर बसून सफरचंद खात होता. मी कोट दाखवून काय असेल ते ऐकायच्या तयारीने उभा राहिलो. त्याने कापड बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाला, "वा, चांगली लोकर आहे."

"ठेवाल का?"

"न ठेवायला काय झालं? उपवास चालू आहेत. आमच्याकडे सध्या सगळा याच रंगाचा माल."

त्याने कोट आत नेऊन पाद्रीबाबांच्या जांभळ्या वस्त्रांच्या रांगेत टांगला. दिवसभरात पहिल्यांदाच त्या कोटाला कुणी नातेवाईक भेटले असतील. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर साडेसहाला दार बंद होतं, त्याआधी या, असं त्याने बजावलं. मी हो म्हटलं आणि पळालो. माझ्या वयाच्या कारकुनाने पळू नये. मी पळालो.

बोळात पोचलो तेव्हा घड्याळात दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. इरीदेबाई वहीला दोरी गुंडाळत होत्या. बेचाळीस नंबरावर आडवी काट होती, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ.

मी विनवण्या केल्या. पुलापर्यंतचं अंतर सांगितलं, चर्चच्या सेवकाची साक्ष काढायची तयारी दाखवली. रांगेतले काही लोक माझ्या बाजूने होते, काही नव्हते, आणि बासरीवाला-ढोलवाला मंडळी दोन्ही बाजूंना वाटली गेली. इरीदेबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बाल्दूचीसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या खिडकीवर कुणी तीन मिनिटं उशिरा आलं तर तुम्ही काय करता?"

एकोणतीस वर्षं मी काय करतो ते माझ्या डोळ्यांपुढून गेलं. बाळंतिणीचे नवरे, प्रेताचे भाऊ, सगळे मी दुसऱ्या दिवशी या म्हणून परत पाठवले होते. 

देल्फीना रांगेतून बाहेर आली. म्हणाली, मग मीही नाही जात. मी म्हटलं, वेडी आहेस का. तुला शेवटचा अंक ऐकायचाय की नाही? माझं काय, मला त्यातलं काय कळतं. तू जा. ती तिथेच घुटमळली. शेवटी मी तिला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. जिना चढताना तिने तीनदा मागे वळून पाहिलं. पायऱ्या उंच आहेत म्हणून घाबरली असेल असं मला वाटलं. अंड्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली आणि कबुलीही.

मी समोरच्या बारमध्ये जाऊन बसलो. साडेतीन झाले, पावणेचार झाले, आतून काहीच ऐकू येईना. मग ऑपेरागृहाच्या पोशाखातला एक घामाघूम माणूस बारमध्ये शिरला आणि जांभळ्या कोटाचे मालक कोण असं विचारू लागला. बारच्या मालकाने माझ्याकडे बोट केलं. नायकाचं काम करणाऱ्या गवयाच्या कानावर कोटाची बातमी गेली होती आणि कोट इमारतीत नाही याचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय तो खोलीबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हता.

लेखी पुरावा म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. दिवसभरात मला येणारी अशी ही पहिलीच गोष्ट कुणी मागितली होती. मी कागद मागवला आणि आमच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं की, सदर कोट, रंग जांभळा, आज रोजी दुपारी नदीपलीकडील चर्चमध्ये जमा करण्यात आला असून तो परत येण्याची शक्यता नाही. शेवटचं वाक्य मृत्यूच्या दाखल्यावरून सवयीने उतरलं. माणूस कागद घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आला. गवई शिक्का मागत होता. माझा शिक्का मोंतेगोब्बोला खणात कुलुपात. शेवटी बारच्या मालकाने आपल्या वर्मुथच्या बाटल्यांवर मारायचा शिक्का त्यावर मारला आणि चार वाजून दहा मिनिटांनी पडदा वर गेला. खेळ चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला होता. आमची परतीची शेवटची गाडी सात दहाची. मी बोटांवर हिशेब केला. नायिका आता गाडी सुटल्यावर मरणार होती.

गाडी चुकली तर दुसरी सोमवारी सकाळी नऊला. म्हणजे साडेसातला माझी खिडकी बंद. एकोणतीस वर्षांत ती खिडकी एकदाही उशिरा उघडलेली नाही. माझ्या सासऱ्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीही मी आधी त्यांचीच नोंद केली आणि मग खांदा द्यायला गेलो. मी अंडी सोलली आणि एकामागून एक चारही खाल्ली. त्याने ताकद वगैरे काही आली नाही, नुसती तहान लागली. साडेसहा वाजून गेले तेव्हा कोटाची आठवण झाली. चर्चला कुलूप लागलं असणार. आता कोट सकाळच्या मिस्सेपर्यंत देवाच्या ताब्यात.

पावणेसातच्या सुमाराला शेवटचं मध्यंतर झालं आणि इरीदेबाई ग्राप्पा दारूचा एक घोट घ्यायला खाली आल्या. चेहरा रागाने लाल. दुसऱ्या अंकात गवयाने वरचा सूर अर्ध्यातच सोडला म्हणून तीन नंबरचा हिशेबनीस उठून गेला होता. वीस वर्षांत तो नवव्यांदा कायमचा उठून गेला होता. माझ्या बायकोबद्दल त्यांनी मला सांगितलं की तिला सगळं पाठ आहे, आणि गवई चुकला तेव्हा तिने तो सूर हळूच पूर्ण केला.

मग त्यांनी वही उघडली. हिशेबनिसाची जागा रिकामी आहे आणि काट बसलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे, असं त्या म्हणाल्या. मी पटकन उठलो. त्यांनी हात वर केला आणि भर बारमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं, "बेचाळीस. बाल्दूची ओरेस्ते."

"हजर," मी म्हटलं. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. दोन माणसांनी वळून पाहिलं.

खरं सांगायचं तर मी वर गेलो तो गाडीसाठी. देल्फीनाला हळूच खूण करायची आणि खाली आणायचं, असं माझं ठरलं होतं. शेवटचा अंक पुन्हा कधीतरी बघू. चार जिने चढलो. वर छताला टेकलेली ती गॅलरी, गरम, माणसांनी गच्च, आणि समोर खाली तो सोन्याचा प्रचंड खड्डा. देल्फीना कठड्याशी उभी होती. तिने मला पाहिलं. मग माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. तिने पर्स उचलली, शाल काढून नीट घडी करून इरीदेबाईंच्या जागेवर ठेवली आणि माझ्याकडे यायला निघाली.

तिने एकदा जरी कुरकूर केली असती तर मी तिला घेऊन गेलो असतो. पण ती अशी मुकाट्याने निघाली. दर गुरुवारी मेणबत्ती लावायला ती अशीच उठत होती.

"थांब," मी म्हटलं. "गाडी रद्द झालीय."

"कशामुळे?"

"रुळावर काहीतरी आहे. गाय वगैरे असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत कठड्याशी गेली आणि थोडी सरकली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. दिवे मालवले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, बावीस वर्षांत शेवटचा अंक मीही ऐकला नव्हता. मला वाटायचं की नायिका विष पिते, ओरडते आणि पडते. पण ती पडत नाही. ती विष पिऊन घरातल्या एकेका वस्तूचा निरोप घेते. खिडकीचा घेते, खुर्चीचा घेते, मग नवऱ्याने खुंटीवर विसरलेल्या टोपीचा घेते. टोपीपाशी मी खिशात रुमाल चाचपू लागलो, तो नव्हताच. मृत्यूच्या हजारो नोंदी केलेला माणूस मी, तारीख, वेळ, कारण, सही, पुढचा. आणि इथे एक धडधाकट बाई खोटंखोटं मरतेय आणि माझ्या हनुवटीवरून पाणी ओघळतंय. मी रडलो, सरळ रडलो. शेजारच्या अनोळखी माणसाने मला आपला रुमाल दिला आणि तो ओलाच होता.

देल्फीनाकडे पाहिलं तर ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, शेवटच्या अंकाचा शब्द न् शब्द तिच्या ओठांवर होता. कुठल्या तरी पुस्तिकेत वाचला असेल असं मला वाटलं. ती स्टेजकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती.

पडदा पडला. गॅलरीतल्या सगळ्यांचे डोळे इरीदेबाईंकडे. त्यांनी वही काखेत मारली आणि टाळी वाजवली, आणि मग छत खाली येतंय की काय असा गडगडाट झाला. मी ठरवलं, हीच वेळ. या आवाजात तिला ऐकू आलं नाही तर देवाची मर्जी, मी माझ्याकडून बोललेलो असेन. कारकून असाच विचार करतो.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "देल्फीना, वीज जात नव्हती. फ्यूज मी काढायचो."

ती टाळ्या वाजवत राहिली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून. समोर बेकरीत दिवा चालू होता, ओरेस्ते."

 मी कठड्याला धरलं. "मग बोलली का नाहीस?"

"तू दहा मिनिटांत घोरायला लागायचास. मग मी तुझ्या खिशातून फ्यूज घ्यायचे, बसवायचे आणि आवाज बारीक करून रेडिओला कान लावून बसायचे. संपलं की परत तुझ्या खिशात."

"म्हणजे शेवटचे अंक..."

"सगळे ऐकलेत. काही काही तर चारचार वेळा."

मी मगाचा तो रुमाल पुन्हा वापरला. एवढी धावपळ, तो कोट, ती हजेरी, ती काट, ती खोटी गाय, सगळं कशासाठी केलं होतं मी? मी तिला म्हटलं, अगं, मग तू इथे आलीस तरी कशाला? पहाटे चारला उठून, थंडीत सहा तास उभी राहून?

देल्फीनाने शाल उचलून तिचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं.

"ऐकले ते एकटीने," ती म्हणाली. "तू ऐकला नव्हतास ना."

खाली नायिका पडद्याबाहेर येऊन वाकून नमस्कार करत होती, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माझी गाडी केव्हाच गेली होती. मी टाळ्या वाजवत होतो.